गिटार घरी जोडा, पण अर्थिंग पाहा

गायन पार्टीत ढोलकी-हार्मोनियमच्या जोडीला इलेक्ट्रिक गिटार हवी, असे आपल्या पोरांना वाटते. सुटे भाग आणून ती घरीही जोडता येते. लाकूड सागाचे चालते, फक्त जड होते. सेमाडोहच्या चहूकडे सागच साग आहे. पण तो मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प. तिथे झाड तोडणे गुन्हा आहे. जुन्या दाराची फळी घ्यावी.

गिटारीचा जीव पिकअपमध्ये. लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज निर्माण होते. हे तत्त्व १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवले. ते लोहाराचे पुत्र, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेले.

पिकअपची एक वायर व्हॉल्यूमच्या पॉटला, तिथून जॅकला जाते. साध्या एका कॉइलच्या पिकअपला २५० किलोओहमचा पॉट बसवतात. दुसरी वायर ग्राउंडची. ती ब्रिजलाही जोडावी, नाहीतर स्पीकर गुणगुणतो.

मात्र त्यामुळे गिटारीच्या तारा थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याशी जोडल्या जातात. अर्थिंग नसेल आणि बिघाड झाला, तर हात तारांवर नि ओठ माइकला लागताच शॉक बसतो. स्कॉटलंडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली भर कार्यक्रमात असाच, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मेला.

म्हणून बाबांनो, प्लगची तिसरी पिन कधी तोडू नका. मंडपातले अर्थिंग वायरमनकडून आधी तपासून घ्या. मगच गिटार हाती घ्या.