ऑनलाइन बुद्धिबळस्पर्धा आणि पंचाचें काम

३० ऑगस्ट २०२० रोजीं आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या ऑनलाइन ऑलिंपियाडची अंतिम फेरी भारत व रशिया यांच्यांत चालली होती. पहिली लढत ३-३ अशी बरोबरींत सुटली. दुसऱ्या लढतींत डाव रंगांत आले असतां केरळचा निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख या दोघांचा इंटरनेटशीं असलेला संबंध एकाएकीं तुटला. घड्याळें मात्र चालत राहिलीं आणि वेळ संपून दोघांचेही डाव गेले. निकाल रशियाच्या बाजूनें लागला. नाशिकच्या विदित गुजराथीच्या नेतृत्वाखालील भारतीय संघानें अपील केलें. त्या दिवशीं अमेरिकेंतील एका मोठ्या दूरसंचार कंपनीच्या जाळ्यांत बिघाड होऊन जगांत अनेक ठिकाणीं इंटरनेट विस्कळित झालें होतें. अपील समितींत एकमत होईना. तेव्हां महासंघाचे अध्यक्ष आर्काडी द्वोर्कोविच यांनीं दोन्ही संघांस सुवर्णपदक देण्याचा निर्णय केला.

या निर्णयाचें भारतांत स्वागत झालें यांत नवल नाहीं. परंतु त्याच स्पर्धेंत, उपांत्यपूर्व फेरींत, भारताविरुद्ध खेळणाऱ्या आर्मेनियाच्या एका खेळाडूचा संबंध असाच तुटला होता. त्या वेळीं आर्मेनियाचें अपील फेटाळण्यांत आलें आणि तो संघ दुसरी लढत न खेळतां स्पर्धेंतून बाहेर पडला. जगभरचा बिघाड आणि एका घरापुरता खंड यांत भेद आहे खरा. तरी पटापुढें बसलेल्या माणसास दोन्ही प्रसंगीं एकच गोष्ट दिसते : चाल पुढें जात नाहीं आणि घड्याळ थांबत नाहीं. दोष घरच्या तारेंत आहे कीं सातासमुद्रांपलीकडे, हें त्यास कळण्याचें साधन नसतें.

तज्ज्ञ, नोंदी आणि अपील समिती हाताशीं असतां जेथें एवढा घोळ होतो, तेथें एखाद्या गांवच्या बुद्धिबळ मंडळानें हौसेनें भरविलेल्या स्पर्धेची काय कथा? २०२० च्या टाळेबंदींत अशा स्पर्धांना बहर आला. लिचेससारख्या देणग्यांवर चालणाऱ्या संकेतस्थळावर स्पर्धा उभारण्यास एक पैसाही लागत नाहीं. जोड्या लावणें, गुण मोजणें, घड्याळ चालविणें हीं सारीं कामें यंत्र करतें. स्पर्धा अर्ध्या तासांत तयार होते, आणि म्हणूनच कीं काय, नियम तयार व्हावयाचे राहून जातात.

पहिला नियम संबंध तुटण्याविषयींचा हवा. दया दाखवून डाव पुन्हा खेळूं द्यावा असें प्रथम वाटतें. पण ही सवलत जाहीर होतांच हरणाऱ्या डावांत मोबाइल विमानस्थितींत टाकण्याचा मार्ग मोकळा होतो, आणि खरा खंड कोणता व खोटा कोणता हें मंडळाच्या पंचास ठरवितां येत नाहीं. यास्तव ‘संबंध तुटला व वेळ संपली तर डाव गेला’ हा कठोर नियमच अशा स्पर्धेस बरा. त्याची कठोरता कमी करावयाची ती पंचाच्या मर्जीनें नव्हे, तर स्पर्धेच्या रचनेनें. बाद पद्धतींत एकदां वीज गेली कीं मुलाची स्पर्धा संपते. सात फेऱ्यांच्या स्विस पद्धतींत त्याच प्रसंगानें एक गुण जातो आणि पुढें सहा डाव उरतात. प्रत्येक चालीस पांच सेकंद वाढवून मिळाले तर मंद इंटरनेटवाल्यासही श्वास घेण्यास अवसर राहतो. याउलट अरीना पद्धतींत ठरलेल्या वेळांत जितके डाव उरकतील तितके खेळावयाचे, आणि लागोपाठ दोन विजयांनंतरच्या विजयास दुप्पट गुण. करमणुकीस ही पद्धत फारच उत्तम. पण तींत बुद्धीबरोबर तारेचीही परीक्षा होते.

दुसरा प्रश्न अधिक कडू आहे. १९९७ मध्यें डीप ब्लू या यंत्रानें जगज्जेत्या कास्पारॉव्हला सामन्यांत हरविलें, तेव्हां तें यंत्र दोन कपाटांएवढें होतें. आज त्याहून कितीतरी बलवान् असलेला स्टॉकफिश कोणाच्याही मोबाइलवर फुकट चालतो. खेळाडू आपल्या घरीं, पंच आपल्या घरीं. कोण कोठें डोकावतो हें कसें दिसावें? मोठ्या स्पर्धांत खेळाडूच्या बाजूस दुसरा कॅमेरा ठेववितात. मात्र ज्या घरांत एकच खोली आणि एकच मोबाइल आहे, तेथील मुलीस हा नियम दारच बंद करतो. लबाडास अडविण्यासाठीं गरिबास अडवावें काय, याचा विचार नियम करणाऱ्यानें आधीं केलेला बरा.

मग उरतो तो खेळाचाच पुरावा. चाली यंत्राच्या पसंतीशीं किती जुळतात आणि त्यांस वेळ कसा लागतो हें पाहतात. मनुष्य उघड मारामारीची चाल क्षणांत खेळतो व अवघड जागीं दोन मिनिटें घुटमळतो; यंत्रास विचारणारा पुष्कळदां दोन्हींस सारखाच वेळ घेतो. ही खूण उपयुक्त आहे, पण ती संभव सांगते, गुन्हा नव्हे. शंभर खेळाडू सात फेऱ्या खेळले तर सातशे वेळां कसोटी लागते. निरपराधाच्या बाबतींत हजारांत एकदांच चुकणारी कसोटी घेतली, तरी निदान एका निर्दोष खेळाडूवर बोट ठेवलें जाण्याचा संभव जवळजवळ निम्मा येतो. शिवाय पुस्तकांतून पाठ केलेल्या पहिल्या पंधरा चाली यंत्राशीं जुळणारच. त्या वगळून पाहावें हेंही पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. बारा वर्षांच्या एखाद्या मुलीनें उन्हाळाभर अभ्यास करून आपल्याहून सरस खेळाडूस हरवावें, आणि संध्याकाळीं व्हॉट्सॲपच्या गटावर तिच्या नांवापुढें प्रश्नचिन्हें उमटावीं, असें होणें अवघड नाहीं. नंतर ती निर्दोष ठरली तरी तीं प्रश्नचिन्हें पुसलीं जात नाहींत. म्हणून तक्रार फक्त पंचाकडे व खासगी रीतीनें यावी. गटावर आरोप करणाराच बाद व्हावा.

पंच कोण, हा प्रश्न यांतूनच निघतो. हौशी मंडळांत स्पर्धा भरविणारा बहुधा स्वतःही खेळतो, आणि त्याचे शिष्य किंवा मुलें तर खेळतातच. त्याचा प्रामाणिकपणा कितीही निर्विवाद असला तरी हरणाऱ्यास त्याचा निर्णय पटणार नाहीं. तिघांचें मंडळ नेमावें, त्यांतील एक तरी दुसऱ्या गांवचा असावा आणि तिघांपैकीं कोणीही त्या स्पर्धेंत खेळूं नये. संकेतस्थळें कोणाचें खातें बंद केलें तरी तपासाची रीत उघड करीत नाहींत, कारण ती कळली कीं चुकविणें सोपें होतें. तेव्हां विचारणाऱ्या पालकांना काय उत्तर द्यावयाचें हेंही या तिघांनीं आधींच ठरवून ठेवावें लागतें.

बक्षिसाची रक्कम मोठी असेल तर पहिल्या आठांस एखाद्या शाळेच्या सभागृहांत बोलावून शेवटच्या फेऱ्या लांकडी पटावर खेळविणें शहाणपणाचें. येण्याजाण्याचा खर्च मंडळानें सोसावा. तें शक्य नसेल तर शेवटचा डाव संपतांच जो निकाल पडद्यावर झळकतो तो तात्पुरता समजावा, आठवडाभर तक्रारी ऐकाव्या, आणि मगच बक्षिसें द्यावीं.