आवाज आला का?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दूरशिक्षणाच्या एका आरोग्यविषयक अभ्यासक्रमाला मी समंत्रक होतो. दर रविवारी तालुक्याच्या शाळेत संपर्कसत्र भरे. कुणी पहाटेची एसटी पकडून येई, कुणी घरचा स्वयंपाक आटोपून. त्यांत चाळिशी ओलांडलेल्या एक ताई होत्या. पुस्तक त्यांना तोंडपाठ!

रक्तदाब कसा मोजाल, असं विचारताच त्यांनी घडाघडा सांगितलं. रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवायचं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत. मनगटाची नाडी लागेनाशी झाली की पारा आणखी ३० मिलिमीटर चढवायचा आणि मग सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर अशा बेतानं हवा सोडायची. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आवाज थांबतो तो खालचा.

एकही चूक नाही. मग त्यांनी शेजारच्या मावशींचा रक्तदाब मोजला आणि वहीत लिहिलं : १२०/८०. मी मोजला, तो १६०/१०० भरला.

‘‘ताई, आवाज आला का?’’

त्यांचा चेहरा उतरला. ‘‘खरं सांगू सर? काहीच ऐकू आलं नाही. पुस्तकात १२०-८० लिहिलंय, तेच मांडलं.’’

स्टेथोस्कोप त्यांनी कानांत उलटा घातला होता. त्याची टोकं पुढे, नाकाच्या दिशेनं वळलेली असावी लागतात. चूक एवढीशीच, पण वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही. त्या खोट्या आकड्यावर विसंबून मावशी निर्धास्त घरी गेल्या असत्या आणि एखाद्या दिवशी पक्षाघातानं कोसळल्या असत्या.

रागवायला मी तोंड उघडलं, आणि माझेच विद्यार्थिदशेतले दिवस आठवले. वॉर्डात एका खाटेभोवती आम्ही वीसजण. सर म्हणाले, ‘‘हृदयात मर्मर आहे, ऐका.’’ माझी पाळी आली. मला काही ऐकू आलं नाही, तरी मी मान डोलावली. मी तर रुग्णापासून हातभर अंतरावर होतो! मग ‘दूर’ नेमकं कोण होतं?

कोरोत्कोव्ह या रशियन शल्यविशारदानं रक्तदाबाचे हे आवाज १९०५ साली जगापुढे मांडले, ते जेमतेम पानभर मजकुरात. वाचायला दोन मिनिटं पुरतात. कान तयार व्हायला मात्र शेकडो दंड लागतात. आता आकडा दाखवणारी यंत्रं आली आहेत. पण पट्टा बाहीवरून बांधला किंवा रुग्ण बोलत राहिला, तर यंत्रही चुकतं.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन सुरू झालं. ज्ञान घरोघरी नेता येतं, पण कौशल्याचं काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी वैद्यक, परिचर्या यांसारख्या पदव्यांना दूरशिक्षणाचं दार बंद केलं. ते रास्तच आहे. गंमत अशी, की त्याच वर्षी कोरोनामुळे वैद्यकीय महाविद्यालयांचे वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले. मात्र प्रथमोपचार, रुग्णाची शुश्रूषा, रक्तदाब मोजणं ही कामं गावोगाव माणसांना शिकवावीच लागतील. आणि घर-संसार सोडून शहरात जाणं ताईंसारख्यांना जमणारं नाही.

त्या रविवारी मी दोघांना एकाच वेळी ऐकता येईल असा जोड-स्टेथोस्कोप काढला. एक टोक ताईंच्या कानांत, दुसरं माझ्या. पारा उतरू लागला. ‘‘आला!’’ त्या एकदम ओरडल्या. मीही त्याच क्षणी तो ठोका ऐकला होता. हा क्षण पुस्तकातून पोस्टानं पाठवता येत नाही. त्यानंतरचा सराव मात्र घरीच होतो, आणि तिथे दूरशिक्षणाचा विद्यार्थी नशीबवान : सासू, दीर, शेजारपाजार, सगळं गाव त्याचा वॉर्ड!

महिन्यानं ताईंनी वही दाखवली. साठ जणांच्या नोंदी. एकीपुढे लिहिलं होतं : ‘नीट ऐकू आलं नाही. दहा मिनिटांनी पुन्हा मोजला.’

बाकीची पानं मी नंतर तपासली. त्या एका ओळीवरच ताई माझ्या लेखी उत्तीर्ण झाल्या होत्या.