जागा करणारा फुगा
(शरीर आणि शस्त्रक्रिया : लेखांक सहावा)

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड वायू कशासाठी भरतात याचे विवरण गेल्या आठवड्यात केले, तेव्हा गोव्यातील आमच्या मये गावच्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी, ज्यांच्या पुतण्याला मूतखड्याच्या विकारासाठी डिचोलीहून बांबोळीच्या रुग्णालयात पाठविण्यात आले होते, मला असा सवाल केला की, वायूने पोट फुगते हे समजले. पण मूत्रपिंड तर पाठीकडे, मांसाआड दडलेले, तेथे वायू भरला तर तो राहणार कोठे? सवाल मार्मिक होता, आणि त्याचे समर्पक उत्तर आपल्याच मुंबईत सापडलेले असल्यामुळे आजचा सर्व मजकूर त्यालाच वाहिला आहे.

आतडी, जठर, यकृत ही इंद्रिये उदरावरण नावाच्या पातळ, ओलसर पडद्याने वेढलेल्या पोकळीत असतात. तेथे वायू सोडला की पोटाची भिंत वर उचलली जाते आणि हत्यारे फिरविण्यास ऐसपैस जागा होते. मूत्रपिंड आणि त्यातून निघणारी मूत्रवाहिनी यांचे स्थान मात्र त्या पडद्याच्या मागे, कण्यालगतच्या स्नायूंवर आहे, आणि तेथे पोकळी अशी नाहीच. जी काही जागा आहे ती मेदाने आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या नाजूक तंतूंनी भरलेली. अशा ठिकाणी सोडलेला वायू मेदात वाट फुटेल तिकडे झिरपतो, दुर्बिणीसमोर पिवळट धुक्यावाचून काही दिसत नाही. ब्रिटनमधील शल्यविशारद जॉन विकहॅम यांनी १९७९ साली या पाठीमागच्या वाटेने दुर्बिणीच्या साहाय्याने मूत्रवाहिनीतील खडा काढून दाखविला खरा, परंतु जागेची अडचण कायम राहिली आणि पुढे दशकभर त्या वाटेला फारसे कोणी गेले नाही. अमेरिकेत सेंट लुईस येथे राल्फ क्लेमन यांनी १९९० च्या जून महिन्यात दुर्बिणीने पहिले मूत्रपिंड काढले, तेही पुढून, उदरपोकळीतून, मोठे आतडे बाजूला सारून. पण कुशीवर छेद घेऊन उदरावरणाला धक्का न लावता मूत्रपिंडापर्यंत पोचावयाचे, म्हणजे मूत्र किंवा पू सांडला तरी तो आतड्यांपर्यंत जाऊ नये, हा जुन्या शल्यविशारदांचा शिरस्ता सुज्ञपणाचा होता, आणि नव्या पद्धतीने तो मोडावा हे अनेकांना रुचत नव्हते.

भारतात त्या वेळी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे बाळपण चालू होते, डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीने पित्ताशय काढले ते १९९० सालचे. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १९९२ मध्ये, बॉम्बे हॉस्पिटलमधील मूत्रविकारतज्ज्ञ डॉ. दुर्गादास गौर यांनी ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’ या अमेरिकन नियतकालिकात एका साधनाचे वर्णन प्रसिद्ध केले. साधन कसले, तर शस्त्रक्रियेच्या रबरी हातमोज्याचा तुकडा लाल रबरी नळीच्या टोकावर दोऱ्याने घट्ट बांधलेला, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला रक्तदाब मोजताना दंडावरची पट्टी फुगविणारा, डॉक्टरांच्या हातातला तो रबरी गोळा. यातली एकही वस्तू परदेशातून मागवावी लागत नव्हती. कोणत्याही तालुक्याच्या दवाखान्यात ती त्या दिवशीही हजर होती.

रुग्णाला कुशीवर निजवून शेवटच्या बरगडीच्या टोकाखाली बोट शिरेल एवढाच छेद घेतात, स्नायूंचे तंतू न कापता बाजूला सारतात, बोटाने थोडी वाट करून रिकामा, लोळागोळा झालेला फुगा स्नायू आणि मूत्रपिंडाभोवतीचे आवरण यांच्या मध्ये ठेवतात आणि मग तो हळूहळू फुगवू लागतात. फुगा सर्व बाजूंनी सारखाच रेटा देतो आणि जिथे विरोध कमी तिथे आधी पसरतो. शरीरातील निरनिराळे थर जन्मतः जिथे एकमेकांवर नुसते टेकलेले असतात तीच नेमकी कमी विरोधाची रेषा असल्यामुळे, धारेच्या हत्याराला जो विवेक शिकवावा लागतो तो फुग्याच्या ठायी आपोआप येतो, आणि उदरावरण न फाटता पुढे ढकलले जाते. शिवाय फुगलेला फुगा काही मिनिटे तसाच ठेवला की तुटलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या त्याच्या दाबाखाली मिटतात आणि पाझर थांबतो. नंतर फुगा रिकामा करून बाहेर काढतात. मागे राहिलेल्या पोकळीत वायू भरला की तो तेथेच राहतो. मयेच्या त्या गृहस्थांच्या सवालाचे उत्तर एवढेच आहे. डॉ. गौर यांनी पुढच्याच वर्षी याच वाटेने मूत्रपिंड काढल्याचा दाखलाही प्रसिद्ध केला, आणि जगभरच्या मूत्रविकारतज्ज्ञांनी ही वाट पत्करली. जांघेतील अंतर्गळाच्या एका प्रकारच्या दुर्बीण-शस्त्रक्रियेतही पोटाच्या भिंतीचे थर असेच फुग्याने विलग करतात. त्यासाठी आत दुर्बीण घालून पाहता येईल असे पारदर्शक फुगे कारखान्यांतून तयार होऊन आले, पण त्यांची किंमत न परवडणारे अनेक भारतीय शल्यविशारद हातमोज्याचाच फुगा बांधत राहिले. या साध्या फुग्याला गरिबीची तडजोड म्हणून हिणविणे मला अन्यायाचे वाटते. मूळ कल्पनाच त्यात पूर्णत्वाने आलेली आहे.

हातमोज्याचे हे भाग्य पूर्वीही एकदा उजाडले होते. अमेरिकेत थॉमस फोगर्टी यांनी हातमोज्याच्या बोटाचे टोक नळीला बांधून, ते रक्तवाहिनीतील गुठळीच्या पलीकडे नेऊन फुगवावे आणि गुठळी ओढून बाहेर काढावी अशी तजवीज केली व १९६३ साली ती प्रसिद्ध केली. हृदयाच्या रोहिणीत शिरणारा फुगा मात्र वेगळ्या जातीचा. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी झुरिक येथे १६ सप्टेंबर १९७७ रोजी तो प्रथम जिवंत, जाग्या रुग्णाच्या हृदयात वापरला, तेव्हा रबर त्यांना निरुपयोगी ठरले होते, कारण रबर मऊ भागाकडे फुगत जाते आणि कठीण अडथळा तसाच राहतो. तेथे ठरलेल्या मापापलीकडे न फुगणारे प्लास्टिक हवे होते. गौर यांच्या फुग्याचा जो गुण, तोच तेथे दोष.

आजकाल बहुतेक मूतखडे मूत्रमार्गातूनच दुर्बीण नेऊन लेसरने फोडतात, आणि पाठीमागच्या वाटेने जाण्याचा प्रसंग थोड्यांवर येतो. उन्हात राबणाऱ्या आमच्या खाणकामगाराने आणि शेतकऱ्याने भरपूर पाणी प्यावे, हा त्याहूनही स्वस्त इलाज आहे. पण ज्यांच्यावर तो प्रसंग येईल त्यांच्यासाठी एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. कुशीवर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा तेथे पू झालेला असेल, तर थर एकमेकांना चिकटून कमी विरोधाची ती रेषाच नाहीशी झालेली असते, आणि फुगा फुगविताना उदरावरण फाटण्याचा धोका वाढतो. तेव्हा म्हापशाला किंवा बांबोळीला जाताना, वीस वर्षांपूर्वीचे का असेनात, जुन्या शस्त्रक्रियेचे कागद बरोबर न्यावेत. कागद पावसाळ्यात कुजून गेले असतील तर व्रण दाखवून तोंडी तरी सांगावे, आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नये.