चाळिशीच्या उंबरठ्यावरची परीक्षा

माझ्या पिढीतल्या बँकवाल्याला ‘सीएआयआयबी’ म्हटलं की अजून ऊब वाटते. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्सची परीक्षा. दिवसभर लेजरं लिहायची आणि रात्री जेवणं उरकल्यावर पुस्तकं उघडायची. पण एकदा पास झालं की जादा वेतनवाढी लागत, त्या निवृत्तीपर्यंत कुणी काढून घेत नसे. ते प्रमाणपत्र जन्माचं होतं.

म्हणूनच ३९ वर्षांच्या भाच्यानं ‘सीसीएनए’चा अभ्यास सुरू केला, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, ‘किती वर्षं चालतं रे हे?’

‘तीन वर्षं, मामा. मग नूतनीकरण.’

म्हणजे मुदत ठेवच, फक्त व्याजाची हमी नसलेली!

भाचा पंधरा वर्षं एका वितरकाकडे हिशेब लिहीत होता. व्हाउचरं आपोआप चढू लागली, चौघांचं काम दोघांवर आलं आणि त्याला पुढचं दिसू लागलं. डोक्यावर घराचं कर्ज, मुलगी आठवीत. सीसीएनए ही सिस्को कंपनीची संगणक-जाळ्यांची परीक्षा. १९९८ पासून चालू आहे. बसायला पदवीची अट नाही. पेपर दोन तासांचा, फी ३०० डॉलर. कर धरून तीस हजारांच्या आसपास. नापास झालात की पुन्हा तेवढेच.

रविवारी तो माझ्याकडे वह्या घेऊन यायचा. कादंबरीकाराला काय, कुठलीही नवी परिभाषा म्हणजे मेजवानी! आयपी पत्ता म्हणजे बत्तीस शून्य-एकांची रांग. मूळ पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. माणसंच त्याहून जास्त, म्हणून काटकसर. २५६ पत्त्यांचा गठ्ठा घ्यायचा, चार खात्यांत ६४-६४ वाटायचा. प्रत्येकातला पहिला पत्ता त्या खात्याच्या नावाचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव. वापरायला उरतात ६२. वर्गातली पोरं इथे अडखळत. आमच्या हिशेबनिसाला ते लेजरची पानं नेमून देण्यासारखं वाटलं. ‘टीसीपी’ त्याला असंच पटकन पटलं. माल पाठवायचा, पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचा. वितरकाकडे तो दुसरं काय करत होता?

क्लासवाल्यांच्या ‘शंभर टक्के नोकरी’च्या जाहिरातींबद्दल मात्र मी कर्ज विभागातला माणूस म्हणून बोलेन. असल्या हमीवर मी पाच हजारसुद्धा मंजूर केले नसते. सरावासाठी सिस्कोचंच ‘पॅकेट ट्रेसर’ फुकट मिळतं. त्यात पडद्यावर राउटर, स्विच जोडून खेळता येतं. महागडी यंत्रं विकत घ्यायचं कारण नाही. आणि २०२० साली अभ्यासक्रम बदलला, त्यात दहा टक्के भाग स्वयंचलनाला आला. म्हणजे ज्या कारणासाठी हिशेब सोडायचा, ते कारण तिथेही आधीच जाऊन बसलेलं!

तरी मी त्याला ‘नको’ म्हटलं नाही. १९९३ साली बँकांत संगणकीकरणाचा करार झाला, २०००-०१ मध्ये लाखभर माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेली. हे सगळं मी काउंटरच्या आतून पाहिलं आहे. लाइन बंद पडली की पुरवठादाराचा पोरगा यायचा. त्याला तारेतलं सगळं कळे. पण आधी काय सुरू करायचं, पेन्शनची रांग की क्लिअरिंग, हे आमच्या हेडकॅशिअरला विचारावं लागे. ते कुठल्या परीक्षेत येत नाही. मुलाखतीत वयाचा प्रश्न निघाला की हेच सांग, असं मी भाच्याला म्हटलं.

दुसऱ्या खेपेला तो पास झाला. एका कंपनीच्या जाळ्यावर देखरेख करायचं काम चालून आलं आहे. रात्री अकरा ते सकाळी सात, पगार आत्तापेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी. शेजारी बसणारे बाविशीतले. होकार सोमवारपर्यंत कळवायचा आहे. त्यानं अजून तोंड उघडलेलं नाही. पण दिवसा झोपता यावं म्हणून त्याच्या बायकोनं खिडकीला जाड पडदे शिवायला टाकले आहेत.