रबराचे द्रावण आणि त्यातून परत मिळणारे रबर

पौडहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पंक्चरवाला ट्यूबला जे ‘सोल्यूशन’ लावतो, ते म्हणजे सामान्यतः नॅफ्थ्यासारख्या द्रावकात विरघळविलेले रबर होय. आणि त्यातील द्रावक उडून जाताच मागे चिकट थर उरतो हे प्रत्यक्ष दिसत असल्यामुळे, द्रावण आटविले की शुद्ध रबर परत मिळते, अशी समजूत मुळशी तालुक्यातच नव्हे, सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः आटविल्याने द्रावक जातो, मलिनता जात नाही. चिकाबरोबर आलेली राळ, मेदद्रव्ये व प्रथिनांचे अवशेष रबरातच राहतात. शिवाय रबराचा रेणुभार लाखांच्या घरात असल्यामुळे विरळ वाटणारे द्रावणही काकवीसारखे दाट होते आणि त्यात अडकलेला द्रावक सहजासहजी सुटत नाही.

शुद्धीकरणाची रीत निराळी आहे. टोल्युइनमधील किंवा हेक्झेनमधील द्रावण गाळून, न विरघळलेला लगदा व कचरा वेगळा केल्यावर, ते ढवळत्या अल्कोहोलात अथवा ॲसिटोनात सावकाश ओततात. या द्रवांत रबर विरघळत नाही, म्हणून ते तंतूंच्या रूपाने बाहेर पडते, आणि राळ मात्र द्रवातच राहते. उलट द्रावणातच अल्कोहोल थोडे थोडे घालीत गेल्यास दीर्घ शृंखलांचे रबर आधी व आखूड शृंखलांचे मागाहून वेगळे होते. विरघळविणे व बाहेर पाडणे हा क्रम दोन-तीनदा करून रबर निर्वात पात्रात मंद उष्णतेवर सुकवितात. कारखान्यांत द्रावक वाफेने उडवून, थंड करून पुन्हा वापरण्याची तजवीज असते. परंतु हेक्झेन सुमारे ६९ अंश सेल्सिअसलाच उकळणारा व अत्यंत ज्वालाग्राही असल्याने हे धाडस घरी कोणीही करू नये.

चीक म्हणजे रबर, हा दुसरा भ्रम. मुळशीच्या माळावरील रुईचा किंवा कुंपणातील शेराचा वाळलेला चीक ॲसिटोनने धुतला, तर पुष्कळसा भाग राळेच्या रूपाने निघून जातो व खरे रबर अल्पच हाती लागते. हे दोन्ही चीक डोळ्यांस घातक आहेत, हेही ध्यानात ठेवावे. दोडामार्गच्या बागांतील हेविया या रबरवृक्षाच्या चिकात मात्र शेकडा तीस ते चाळीस भाग रबर असून ते फॉर्मिक आम्लाने साकळते, सबब तेथे द्रावकाची गरजच नाही. ती भासते मेक्सिकोतील ग्वायूलसारख्या झुडपास, ज्याचे रबर पेशींत कोंडलेले असते. म्हणून झुडूप दळून, ॲसिटोनने राळ व हेक्झेनने रबर काढतात.

जुने टायर पेट्रोलात विरघळवून रबर मिळेल, हेही खरे नव्हे. गुडइयरने १८३९ साली शोधलेल्या गंधकप्रक्रियेने शृंखला एकमेकींस जखडल्या जातात, त्यामुळे टायर फुगतो, विरघळत नाही.

अधिक शुद्ध ते अधिक टिकाऊ, असेही मानले जाते. परंतु ॲसिटोनने राळ धुऊन काढताना ऑक्सिडीभवन रोखणारी नैसर्गिक द्रव्येही निघून जातात, आणि असे रबर हवेत व प्रकाशात लवकर चिकट होऊन बिघडते. म्हणूनच शुद्ध केलेल्या रबरात प्रतिऑक्सिडीकारक त्वरित मिसळून ते अंधारात ठेवतात.