स्थलांतर, पक्ष्यांचे हिवाळी

प्रतिकूल ऋतू टाळण्यासाठी प्राण्यांनी दरवर्षी ठराविक काळी एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाणे व अनुकूल काळ येताच परतणे, यास स्थलांतर म्हणतात. परतीचा प्रवास हे त्याचे आवश्यक लक्षण होय. मासे, कीटक व सस्तन प्राणी यांतही स्थलांतर आढळते. तथापि उड्डाणक्षमतेमुळे पक्ष्यांत त्याचा विशेष विकास झाला आहे. कोल्हापूर परिसरातील तलावांवर व शेतांत हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, धोबी (परीट), माळभिंगरी, भोरडी इ. पक्षी दिसतात, ते यामुळेच.

कारणे : पक्षी केवळ थंडीला भिऊन निघून जातात, ही समजूत अपुरी आहे. पिसांच्या आवरणामुळे त्यांचे थंडीपासून बरेच रक्षण होते. मुख्य अडचण अन्नाची असते. पाणी गोठल्यावर बदकांना चरता येत नाही आणि कीटक दिसेनासे झाल्याने कीटकभक्षक पक्ष्यांची उपासमार होते. शिवाय अन्न शोधण्यास उजेडही अपुरा पडतो. डिसेंबरच्या अखेरीस ५०° उ. अक्षांशावर दिवस सु. ८ तासांचा, तर कोल्हापुरात तो सु. ११ तासांचा असतो. उलट जूनमध्ये उत्तरेकडे दिवस १६ तासांहून मोठा असून कीटकही विपुल असतात. पिलांना भरविण्यास ही स्थिती फार सोयीची असल्याने पक्षी तिकडे परततात. पूर्व यूरोप व मध्य आशियात वीण करणारी भोरडी पिलांचे संगोपन आटोपताच, तेथे थंडी सुरू होण्यापूर्वीच, जुलै-ऑगस्टपासून भारतात येऊ लागते.

प्रेरणा व पूर्वतयारी : हवामान दरवर्षी बदलते, परंतु दिवसाची लांबी ठरल्याप्रमाणे कमीजास्त होते. कॅनडातील प्राणिशास्त्रज्ञ विल्यम रोअन यांनी १९२०–३० या दशकात ऐन हिवाळ्यात पिंजऱ्यातील जुंको पक्ष्यांचा दिवस कृत्रिम प्रकाशाने लांबविला, तेव्हा कडाक्याच्या थंडीतही त्यांच्या जननग्रंथींची वाढ झाली. प्रकाशमानातील असा बदल व शरीरांतर्गत वार्षिक लय यांमुळे प्रवासापूर्वी पक्ष्यांची भूक वाढते व त्वचेखाली चरबी साठते. समान वजनाच्या पिष्टमय पदार्थांच्या दुपटीहून अधिक ऊर्जा चरबीपासून मिळते.

मार्ग व दिशाज्ञान : सूर्य, तारे व पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांच्या साहाय्याने पक्षी दिशा ओळखतात, नद्या, किनारे व डोंगररांगा यांचाही उपयोग होतो. कलहंसांच्या गटातील पट्टकादंब हा पक्षी मध्य आशियातून हिमालय ओलांडून उजनीसारख्या जलाशयांवर येतो. त्याची ७,००० मी. हून अधिक उंचीवरील उड्डाणे उपग्रहांच्या साहाय्याने नोंदली गेली आहेत. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या निम्म्याहून कमी असतो. मात्र या पक्ष्याच्या रक्तातील हीमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक सहजतेने धरून ठेवते. मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (स्थापना १८८३) १९५९ पासून सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या पायांत क्रमांकित कडी अडकवून अशा प्रवासांचा पद्धतशीर अभ्यास केला.

संरक्षण : थापट्या, तलवार बदक यांसारखी पृष्ठभागी चरणारी बदके व चिखलपायटे पक्षी तलावाच्या उथळ, चिखलयुक्त काठावर अवलंबून असतात. काठ भरून काढले, सांडपाणी सोडले किंवा जलपर्णीने पृष्ठभाग झाकला, तर तलाव पाण्याने भरलेला असूनही पक्ष्यांना निरुपयोगी ठरतो; रंकाळ्याला सांडपाणी व जलपर्णी या दोहोंचा उपद्रव झालेला आहे. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ मध्ये सहभागी झाला. नासिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र ठरले. प्रजननक्षेत्र, विसाव्याच्या जागा व हिवाळी निवास यांपैकी एक जरी नष्ट झाले, तरी उरलेल्या दोहोंचे रक्षण अपुरे पडते; म्हणून लहान तलावांचेही महत्त्व त्यांच्या आकारमानापेक्षा मोठे आहे.