ताज्या माशातील जंत

होडी किनाऱ्याला लागते. टोपलीत बांगडे चमकतात. मासा ताजा आहे, मग त्यात वाईट काय असणार, असे आपण म्हणतो. पण चिरताना कधी कधी पोटात पांढरा, दोऱ्यासारखा जंत निघतो. लांबीला इंचभर, वेटोळे घालून बसलेला. तो पाहून कोणी सगळा मासा फेकतो. कोणी तसाच कालवणात टाकतो. दोन्ही बरे नव्हे.

हा जंत शिळेपणाचा नव्हे. देवमाशांच्या विष्ठेतून त्याची अंडी समुद्रात पडतात. अंड्यांतून निघालेले जंत कोळंबीसारखे बारीक जीव गिळतात. त्या जिवांना मासे खातात. म्हणून जिवंत माशातही जंत असतो. तेव्हा तो बहुतेक आतड्यांजवळ राहतो. मासा मेला की तो मांसात शिरू शकतो.

मग करायचे काय? मासा हाती येताच पोट फाडा. आतडी काढून टाका. पोट आतून धुवा. तुकड्या उजेडात धरून बघा. जंत दिसला तर तेवढा भाग कापून टाका. आतडी पुन्हा पाण्यात टाकू नका, खड्ड्यात पुरा.

आता मुख्य गोष्ट. मीठ, हळद, लिंबू किंवा आगळ चोळून ठेवल्याने जंत मरतोच असे नाही. बर्फातही तो जगतो. तो मरतो विस्तवावर. तुकडी काट्यापर्यंत शिजू द्या. आतले मांस पांढरे होऊन काट्यापासून सुटले, की ती शिजली. वरून लाल आणि आत कच्ची, अशी तुकडी खाऊ नका.

हॉलंड देशात लोक थोडेसे मीठ लावलेला कच्चा हेरिंग मासा खातात. तिथे काही लोकांच्या पोटात भयंकर कळा येत. १९६० साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की कारण असलाच जंत आहे. १९६८ साली तिथे कायदा झाला. हेरिंग आधी कडक थंडीत गोठवायचा, मगच विकायचा. तेव्हापासून तिथे तो आजार जवळजवळ थांबला.

कच्चा मासा खाऊन काही तासांत पोटात कळा आल्या, उलट्या झाल्या, किंवा मासा खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, तर डॉक्टरकडे जा. काय खाल्ले ते त्यांना सांगा.

जंत दिसला म्हणून दिवसभराची मेहनत फेकू नका. लवकर साफ करा, नीट शिजवा आणि सुखाने जेवा.